इमारतीखालची जुनी गाडी आणि कोकणचा रस्ता

श्रावण सरत आला की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते. गणपतीला गावी जायचे असते, निघायला चार दिवस उरलेले असतात आणि मेकॅनिकला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: गाडी सव्वा लाख किलोमीटर चाललीय, सावंतवाडीपर्यंत जाईल ना? प्रश्न रास्त आहे, पण त्यातला आकडा फारसा उपयोगाचा नाही. गाडी महाडच्या पुढे जाईल की नाही, हे ती किती चालली यापेक्षा कशी चालली, किती काळ उभी राहिली आणि तिच्यातले रबर, तेल आणि पाणी किती वर्षांचे झाले यावर ठरते. किलोमीटरकडे बघून तयारी करणारा माणूस नको तिथे पैसे घालतो आणि हवे तिथे हात आखडतो, असे माझे म्हणणे आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या गाड्यांच्या बाबतीत ते जरा जास्तच खरे आहे.

त्याचे कारण या पट्ट्याच्या जगण्यात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि इथल्या माणसाचे कामावर जाणे तेव्हापासून रेल्वेला बांधले गेले. आजही घरातला कमावता माणूस लोकलने जातो आणि मोटार इमारतीखाली उभी असते. ती निघते रविवारी, लग्नाला, दवाखान्यात, फार तर मुलांना क्लासला सोडायला. अशा गाडीचे दहा-बारा वर्षांत पन्नास हजार किलोमीटरही होत नाहीत आणि मालक अभिमानाने ‘फार चाललेली नाही’ म्हणून सांगतो. दुसऱ्या टोकाला असतात रोज कल्याण-शीळ रस्त्याने नवी मुंबईला किंवा घोडबंदर रस्त्याने बोरिवलीकडे जाणाऱ्या गाड्या आणि टॅक्सीचे आयुष्य संपवून दुसऱ्या हाताला आलेल्या गाड्या. त्यांचे आकडे लाखाच्या पुढचे असतात. पण त्या आकड्यांनाही एकच अर्थ नसतो. कोंडीत सरासरी ताशी १८ किलोमीटरने चाललेल्या गाडीला एक लाख किलोमीटर पूर्ण करायला साडेपाच हजार तास लागतात. हमरस्त्यावर ताशी ६० च्या सरासरीने तेच अंतर सोळा-सतराशे तासांत संपते. म्हणजे काट्यावर दोघींचे एक लाखच, पण काटई नाक्याच्या रांगेत वाढलेल्या गाडीचे इंजिन तिपटीहून जास्त फिरलेले असते. तिचा क्लच किती वेळा दाबला गेला, रेडिएटरचा पंखा किती वेळ फिरला, याचा तर हिशेबच कुठे नोंदलेला नसतो.

गाडीचे भाग तीन वेगवेगळ्या हिशेबांनी जुने होतात. टायरची नक्षी, ब्रेकचे पॅड, सस्पेन्शनचे बुश हे मुख्यतः अंतराने झिजतात आणि खड्ड्यांनी त्याहून लवकर. इंजिनातल्या रिंगा, क्लच प्लेट, वॉटर पंप, अल्टरनेटर, पंख्याची मोटर यांना तास मोजावे लागतात. आणि कॅलेंडरने म्हातारे होणाऱ्या भागांची यादी सर्वांत लांब आहे: पाण्याचे होज, ब्रेकचे रबरी होज, पंख्याचा व टायमिंगचा पट्टा, ॲक्सलचे बूट, वायपर, बॅटरी, ब्रेक ऑइल, कूलंट, आणि टायरचे रबरसुद्धा. हे भाग गाडी उभी असतानाही जुने होतात. खाडीकाठच्या दमट हवेत तर ते उभ्या गाडीत अधिक बिघडतात. कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, हँडब्रेकची केबल आखडते, पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेतलेले उंदीर वायरी कुरतडून ठेवतात. म्हणून ‘फार चाललेली नाही’ ही गाडी गावी नेण्याच्या दृष्टीने शिफारस नव्हे. उलट तिच्याकडे अधिक संशयाने बघावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. गाडी रोज व्यवस्थित चालते, आवाज नाही, धूर नाही, मग काळजी कसली? उत्तर असे की शहर गाडीची एक परीक्षा घेते आणि घाट दुसरी. डोंबिवलीहून ठाण्याला जाताना इंजिनावर भार थोडा असतो. उष्णता साचते, पण पंखा ती फेकून देतो. हमरस्त्यावर सपाटीला इंजिन जास्त काम करते, पण समोरून येणारा वारा रेडिएटरला थंड ठेवतो. घाटाच्या चढावर दोन्ही अडचणी एकत्र येतात: माणसे आणि सामान भरलेली, दुसऱ्या गिअरवर चढणारी गाडी भरपूर उष्णता निर्माण करते आणि वेग ताशी वीस-पंचवीसचा असल्याने वारा मिळत नाही. एसी चालू असेल तर त्याची उष्णता रेडिएटरच्या तोंडावरच. अर्ध्या गाळाने भरलेला रेडिएटर शहरात आपले दुखणे वर्षानुवर्षे लपवू शकतो. परशुराम घाटात, पुढे कंटेनर असताना, ते लपत नाही.

कूलिंगच्या यंत्रणेत लोक सर्वांत कमी लक्ष देतात ते रेडिएटरच्या टोपणाकडे. त्यावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो दाबाचा आकडा आहे. बंद यंत्रणेत दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. ०.९ बार जास्तीचा दाब टिकला तर साधे पाणीही १०० ऐवजी ११८-११९ अंशांना उकळते. निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध पाणी असेल तर त्याहून वर. टोपणाची रबरी चकती कडक झाली, स्प्रिंग सैल पडली की हा सगळा फायदा जातो आणि इंजिन ठीक असूनही चढावर पाणी उकळून बाहेर येते. टोपण स्वस्त असते, मिळतेही कुठेही. तरी दहा वर्षांच्या गाडीवर मूळचेच टोपण दिसते. दुसरी सवय त्याहून वाईट: पाणी कमी झाले की नळाचे किंवा सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी ओतायचे. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि ज्यासाठी कूलंट वापरायचे ते गंजरोधक द्रव्य दरवेळी पातळ होत जाते. ॲल्युमिनियमच्या हेडला हे फार बाधते. हेड तापून वाकले, गॅस्केट गेले की ‘हेड उचलावे लागेल’ हे वाक्य ऐकावे लागते, आणि तेही माणगावात, गणपतीच्या आदल्या दिवशी. म्हणून प्रवासाआधी यंत्रणा धुऊन घेणे, नवे कूलंट, नवे टोपण, दोन्ही मोठे होज दाबून बघणे (टोकांशी फुगलेले किंवा कडक झालेले असतील तर बदलणे), थर्मोस्टॅट तपासणे, आणि पंखा ठरल्या तापमानाला आपोआप लागतो का ते गाडी उभी ठेवून पाहणे, एवढे केलेच पाहिजे. काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, ‘गरम होणार नाही’ म्हणून. तो उपाय नव्हे, इंजिनाला कायमचे अर्धवट थंड ठेवण्याची शिक्षा आहे.

चढ इंजिनाचा, तसा उतार ब्रेकचा. इथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चार माणसे आणि सामान धरून गाडी १३०० किलोची झाली आणि ती ३०० मीटर उंचीवरून खाली आली, तर जवळजवळ ३८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. बारा लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीला आणायला साधारण इतकीच ऊर्जा लागते. त्यातली थोडी वाऱ्याच्या आणि टायरच्या घर्षणात जाते. राहिलेली सगळी एकतर इंजिन घेते किंवा ब्रेकच्या चार संचांत उष्णता होऊन उतरते. ती उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, ओलावा धरलेल्या तेलाचा किमान १४० अंश. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ओले तेल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पॅडल जमिनीला टेकते. शहरात हे कधी घडत नाही, कारण शहरात ब्रेक सतत लागला तरी वेग कमी असतो आणि उतार सलग नसतो. ठाण्या-डोंबिवलीच्या दमट हवेत पाच-सहा वर्षे न बदललेले ब्रेक ऑइल गाडीत असेल, तर मालकाला त्याची पहिली बातमी घाटातच मिळते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे, असे बहुतेक उत्पादक सांगतात. तो खर्च काही शेकड्यांचा आहे. मला विचाराल तर संपूर्ण तयारीत रुपयामागे सर्वांत जास्त सुरक्षितता देणारे काम हेच.

अर्थात चांगले ब्रेक असूनही चालवणारा चुकला तर उपयोग नाही. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडून इंधन वाचवायची सवय अजून जात नाही. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर झालेल्या अपघातांनंतर अवजड वाहने न्यूट्रलमध्ये सोडण्याविषयी वारंवार लिहिले गेले, तरी छोट्या गाड्यांचे चालक हा ट्रकवाल्यांचाच दोष समजतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर घालून, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनाला इंधन जवळपास मिळतच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते तरी जळतेच. म्हणजे वाचतही नाही आणि इंजिनाने खेचून धरायचा सगळा भार ब्रेकवर पडतो. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरावा, हा जुना नियम आजही लागू आहे.

कोणी म्हणेल, घाट राहिलेत कुठे? कशेडीला बोगदे झाले, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्ग थेट भिवंडी तालुक्यात येऊन पोहोचला आहे. इगतपुरीजवळच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसाऱ्याचा घाट टाळता येतो. आक्षेपात तथ्य आहे. पण कोकणात भोस्ते आणि परशुराम अजून आहेत, कोल्हापूरकडून उतरणाऱ्याला फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली आहेत, आणि बोगद्याने घाटाचा ताण घालवला तरी त्याच्या जागी वेगळा ताण आणला आहे. कल्याणहून निघून तासाभरात काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर चढायचे आणि ताशी १२० च्या मर्यादेपर्यंत तासन्‌तास धावायचे, ही गोष्ट या पट्ट्यातल्या जुन्या गाडीने पूर्वी कधी केलेली नसते. ही परीक्षा टायरची आहे.

टायर फुटतो तो मुख्यतः आतल्या उष्णतेने. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते, वेग वाढला की थंड व्हायला वेळ मिळत नाही, आणि शेवटी थर सुटतात. जुन्या, कडक झालेल्या रबरात हे लवकर घडते. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायची आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायची मोहीम घ्यावी लागली. नियमाने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. पण इमारतीखालच्या गाडीला ही कसोटी पुरत नाही. तिची नक्षी शाबूत असते आणि रबर मेलेले असते. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीशेवटी चार आकडे असतात. ३२१७ म्हणजे २०१७ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. सहा वर्षांपुढचा टायर बारकाईने तपासावा, दहा वर्षांचा झाला की दिसायला कसाही असला तरी काढावा. स्टेपनीचा आकडा वाचायला लोक विसरतात, आणि तो बहुधा गाडीच्या जन्माइतका जुना निघतो. हवा भरताना दाराच्या चौकटीवरचा तक्ता बघावा. त्यात भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. नायट्रोजनचा आग्रह धरायचे कारण नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. निघायच्या सकाळी टायर थंड असताना दाब तपासणे त्यापेक्षा मोलाचे.

टायमिंग बेल्टविषयी वेगळे सांगायला हवे, कारण तो तुटला की गाडी रस्त्यात थांबते एवढेच होत नाही. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच उघडावे लागते. मारुती ८००, जुनी अल्टो, जुनी वॅगन आर, जुनी सँट्रो, इंडिका या गाड्यांत पट्टा आहे. नंतरच्या पुष्कळ गाड्यांत, म्हणजे मारुतीच्या के-मालिकेच्या इंजिनांत किंवा १.३ लिटरच्या मल्टीजेट डिझेलात, साखळी आहे. पट्ट्याला किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा असतात आणि जी आधी येईल ती लागू होते. दुसऱ्या हाताच्या गाडीत पट्टा कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरावे.

इंधनाचा प्रश्न अलीकडचा आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. त्यावरून समाजमाध्यमांवर जी घबराट आहे तिला तितका आधार नाही. अशी गाडी सावंतवाडीला जाऊन येण्याने इंजिन खराब होत नाही. परंतु नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवून ते शिळे करू नये, आणि इंधनाचे जुने रबरी पाइप व फिल्टर या निमित्ताने बघून घ्यावेत. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी कधी झाली, ते त्याच्या पट्टीवर वाचावे. डिकीतल्या सिलिंडरचे वजन आधीच मागच्या टायरांवर असते, त्यावर गावच्या सामानाची भर पडते.

आता दुसरा मोठा आक्षेप, आणि तो अनुभवी मेकॅनिकांचा असल्यामुळे हलका समजू नये. चालत्या गाडीला प्रवासाआधी हात लावू नका, असे ते सांगतात. त्यामागे कारण आहे. नवा भाग सदोष निघू शकतो, क्लिप नीट बसत नाही, एखादा नट अर्धाच आवळलेला राहतो, यंत्रणेत हवा राहते. दुरुस्तीनंतरचे पहिले काही तास हे बिघाडाचे तास असतात. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘दुरुस्ती करू नका’ असा नाही. तो ‘दुरुस्ती आदल्या दिवशी करू नका’ असा आहे. काम तीन आठवडे आधी संपवावे आणि मग गाडीला तिच्या खऱ्या परीक्षेला बसवावे. त्यासाठी आपला पट्टा भाग्यवान आहे. कल्याणहून मुरबाड-टोकावडेमार्गे माळशेज घाट चढून परत येणे एका सकाळचे काम आहे. ठाणेकरांना जुन्या रस्त्याने कसारा. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळावा, दरडीचा इशारा असेल तर जाऊच नये. चढताना एसी लावून तापमानाचा काटा बघावा. अनेक छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो; अशा गाडीत ओबीडीच्या खोबणीत बसणारे छोटे यंत्र लावून मोबाइलवर तापमान दिसते. उतरल्यावर पॅडल पहिल्याइतकेच घट्ट लागते का ते पाहावे. घरी येऊन इंजिन थंड झाल्यावर डिपस्टिक, कूलंटची पातळी आणि गाडीखालची जमीन बघावी. दोनशे किलोमीटरमध्ये ऑइल किती उतरले हे कळले की हजार किलोमीटरचा अंदाज येतो. जुने इंजिन थोडे ऑइल खाणारच. पण छोट्या गाडीच्या इंजिनात तीन लिटरच ऑइल असते. हजारात एक लिटर गेले तर परतीच्या वाटेवर तिसरा हिस्सा नाहीसा झालेला असेल. तेवढे ऑइल डब्यात बरोबर ठेवायचे आणि पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी डिपस्टिक काढायची, एवढाच त्यावरचा इलाज.

‘स्कॅनर लावून घेतला, एकही दोष नाही’ हे हल्ली ऐकू येणारे समाधान मात्र फसवे आहे. स्कॅनर जिथे सेन्सर आहे तिथलेच सांगतो. होजच्या आत पडलेल्या भेगेला, ब्रेक ऑइलमधल्या ओलाव्याला, फाटलेल्या ॲक्सल बूटला सेन्सर नसतो. त्यासाठी गाडी वर उचलून टॉर्चने बघणारा माणूस लागतो. बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना दिवे, वायपर आणि पंखा लावूनही १३.८ च्या जवळ. पावसातल्या रात्रीच्या प्रवासात हे सगळे एकदम चालू असते, शहरात क्वचितच.

खर्चाचा आक्षेप शेवटी येतोच. गाडीची किंमत लाखभर रुपये, तिच्यावर किती घालायचे? इथे गाडीच्या किमतीशी तुलना करणेच चूक वाटते. तुलना करायची ती बिघाडाच्या परिणामाशी. जो भाग गेल्यावर जीव जाऊ शकतो (ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे जोड, पुढचे दिवे, वायपर), त्यात काटकसर नाही. जो गेल्यावर गाडी रस्त्यात बंद पडते (कूलिंग, पट्टे, बॅटरी, क्लच), तो संशयास्पद असेल तर बदलावा. आणि जो गेल्यावर फक्त गैरसोय होते, त्याला हात लावू नये. दाराचा खडखडाट, थकलेला एसी, ऑइलचा किंचित पाझर, रंग, सीट कव्हर, इंजिन पॉलिश ही कामे परतल्यावर. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ लोक नवी म्युझिक सिस्टिम बसवून जुन्या टायरवर निघतात. क्लचबाबत एक सांगायला हवे: कोंडीत वाढलेल्या गाडीचा क्लच सपाटीवर ठीक वाटतो. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. अशी गाडी सामान भरून घाटात नेऊ नये.

मग रेल्वेनेच का जाऊ नये? जावे, तिकीट मिळाले तर. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो गाडीही सुरू केली. एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये. पण कोलाडपर्यंत सुकेळी खिंड ओलांडून स्वतःच जायचे, आणि उतरल्यावर गावचा चढ-उताराचा रस्ता गाडीलाच काटायचा. कोकणात गाडी लागते ती मुख्यतः तिथे पोहोचल्यावर: वाडीपासून बाजारपेठ लांब, म्हातारी माणसे, दोन गावांचे गणपती. म्हणून जुनी गाडी नेण्याचा आग्रह निव्वळ हौस म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. पनवेल ते रायगडातले इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले, आणि तिथल्या खड्ड्यांनी आजवर किती लोअर आर्म आणि लिंक रॉड खाल्ले असतील त्याची मोजदाद नाही. सस्पेन्शन बघायचे ते या खड्ड्यांसाठी.

कागदांचे थोडक्यात. एमएच-०४ असो वा एमएच-०५, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि हरित कर. दिल्ली परिसरात गाजलेली १० वर्षे डिझेल, १५ वर्षे पेट्रोल ही वयाची मर्यादा महाराष्ट्रात नाही. पीयूसी आणि विमा चालू हवा. जुन्या गाडीचा विमा पुष्कळदा फक्त थर्ड पार्टी असतो आणि त्यात रस्त्यावरची मदत नसते, हे निघण्याआधी वाचावे. राष्ट्रीय महामार्गावरचा मदत क्रमांक १०३३, रुग्णवाहिकेचा १०८.

माळशेजच्या फेरीनंतर तीन गोष्टींपैकी एक जरी दिसली, तर प्रवास रद्द करावा: गळती कुठे दिसत नसताना कूलंट कमी झाले आणि ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ चिकटा आला, ब्रेकचे पॅडल दुसऱ्यांदा मारल्यावरच घट्ट होऊ लागले, किंवा गाडी वर उचलल्यावर चासीचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बसते त्या जागी, गंजून सुटा झालेला निघाला. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त होतात, पण उरलेल्या दिवसांत घाईने नव्हे. तिसरीची दुरुस्ती बहुधा परवडत नाही. त्या वर्षी गाडी इमारतीखालीच ठेवा आणि एसटीचे आरक्षण करा.